न दिसण्याची साक्ष

एखादी वस्तू आहे हे आपल्याला कसे कळते, या प्रश्नाचा ऊहापोह तत्त्वचिंतकांनी सर्वत्रच केला आहे. परंतु एखादी वस्तू नाही हे कसे कळते, हा प्रश्न त्याहून निराळा असून त्याच्याइतकाच बिकट आहे, हे ओळखून त्याच्यावर शतकानुशतके वाद मांडण्याचा मान भारतीय दर्शनकारांना द्यावा लागतो. भूतलावर घट नाही, हे ज्ञान डोळ्यांनी होते, अनुमानाने होते, की त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रमाणच मानावे लागते, याविषयी मीमांसक, नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती यांच्यात जे रण माजले, त्याची ‘घटपटाची खटपट’ म्हणून संभावना करण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती चाल अन्यायाची वाटते. ईश्वर आहे की नाही, आणि जे मला अनुभवास येत नाही ते नाहीच असे म्हणण्याचा मला अधिकार पोहोचतो की नाही, या प्रश्नांचा निकाल त्या रिकाम्या भूतलाच्या विचारावरच अवलंबून आहे. आणि ज्यास ही गोष्ट ग्रंथांतून पटत नसेल त्याने एखाद्या जुन्या लॅपटॉपला घरातले बिनतारी नेटवर्क का सापडत नाही, याचा तपास एकदा शिस्तीने करून पाहावा. हे उदाहरण कोणास क्षुद्र वाटू नये. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आपल्या शास्त्रकारांनी स्वयंपाकघरातच निश्चित केली आणि मगच ती पर्वतावर नेली.

पुष्कळ घरांत घडणारे प्रकरण असे असते. 2010 च्या आगेमागे घेतलेला लॅपटॉप. त्यात मुलांच्या लहानपणची छायाचित्रे, वडिलांच्या हयातीतला पत्रव्यवहार, अर्धवट राहिलेले एखादे लेखन असा ऐवज असल्यामुळे तो मोडीत काढण्यास मन धजत नाही. घरात नवा राउटर येतो. फोनवर त्याचे नाव तत्काळ उमटते. लॅपटॉपच्या यादीत मात्र शेजारच्या बिऱ्हाडांची तीनचार नावे व्यवस्थित दिसत असताना घरचेच नाव येत नाही. अशा वेळी घरातील कर्ता माणूस दोनपैकी एक निवाडा देऊन मोकळा होतो: राउटर सदोष आहे, किंवा लॅपटॉप निकामी झाला. दोन्ही निवाडे पुराव्यावाचून दिलेले असतात, आणि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत असते, की जे यादीत नाही ते हवेत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की राउटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपल्या नावाची आणि गुणधर्मांची द्वाही फिरवीत असतो, आणि लॅपटॉपमधले कार्ड एकामागून एक चॅनेलवर क्षणभर थांबून ती ऐकत असते. परंतु ते कोणकोणत्या चॅनेलवर थांबणार हे त्याच्या घडणीवर ठरलेले असते. 1999 आणि 2003 साली प्रसृत झालेल्या मानकांप्रमाणे बनविलेली ‘बी’ व ‘जी’ जातीची कार्डे केवळ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच ऐकतात. 2009 च्या ‘एन’ मानकात 5 गिगाहर्ट्झचा पट्टाही आला, पण स्वस्त लॅपटॉपांत बसविलेली ‘एन’ कार्डे बहुधा एकपट्टीच असत. नवा राउटर जर केवळ 5 गिगाहर्ट्झवर चालविण्याची तजवीज केलेली असेल, तर त्याने कितीही आक्रोश केला तरी या कार्डाच्या लेखी घरात शांतताच असणार. याहून सूक्ष्म प्रकार असा, की आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 13 चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत 11; तिकडच्या नियमांसाठी सिद्ध केलेले कार्ड बारावे आणि तेरावे चॅनेल ऐकतच नाही. राउटरने स्वतः होऊन तेरावे चॅनेल निवडले, तर काल दिसणारे नेटवर्क आज नाहीसे होते आणि उद्या पुन्हा प्रकट होते, आणि घरात मात्र कोणीही कशास हात लावलेला नसतो. आणखी एक शक्यता अशी, की मालकानेच सुरक्षिततेच्या समजुतीने राउटरचे नाव जाहीर न करण्याचा हुकूम देऊन ठेवलेला असतो. मग द्वाही फिरते, पण निनावी.

न दिसण्याच्या याच प्रश्नावर सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात अभावासाठी स्वतंत्र प्रकरण राखून अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण ठरविले, आणि अद्वैत वेदान्त्यांनी पुढे व्यवहारापुरता त्यांचाच पक्ष स्वीकारला. नैयायिकांनी सहावे प्रमाण नाकारले. अभाव हा एक पदार्थच असून त्याचे ग्रहण इंद्रियांनीच होते, अनुपलब्धी त्या कामी केवळ साहाय्य करते, असे ते म्हणाले. मीमांसकांतल्याच प्रभाकराच्या अनुयायांना अभाव हा पदार्थच मान्य नाही. नुसते भूतल दिसणे याहून घट नसणे निराळे काय, असा त्यांचा सवाल. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अनुपलब्धीस हेतूच्या तीन प्रकारांत स्थान देऊन तिला अनुमानाच्या हवाली केले. पक्षभेद एवढा असूनही एका कलमावर त्यांचा बहुतेक मेळ बसतो, आणि माझ्या मते त्या कलमातच साऱ्या वादाचे सार्थक आहे: नुसत्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी सर्व सामग्री हजर असताना ती दिसली नाही, तरच ती नाही. ही योग्यानुपलब्धी समजाविण्यासाठी ते काळोख्या खोलीतला घट घेतात. दिवा नसताना घट न दिसणे हा घटाच्या अभावाचा पुरावा होत नाही. पिशाचाचेही उदाहरण येते. पिशाच हे स्वभावतःच दिसण्याजोगे मानलेले नसल्यामुळे ते न दिसल्याने ते नाही असे ठरत नाही, तेवढ्याने केवळ संशय शिल्लक राहतो, हे धर्मकीर्तीसारख्या निष्ठुर तार्किकानेही कबूल केले आहे.

लॅपटॉपची दुरुस्ती करणारा जाणता कारागीर, त्याने या ग्रंथांची नावेही ऐकली नसली तरी, याच कलमाप्रमाणे चालतो. नेटवर्क दिसत नाही ही तक्रार ऐकल्याबरोबर तो नेटवर्काचा विचार बाजूस ठेवतो आणि पाहणाऱ्याची योग्यता तपासतो. जुन्या लॅपटॉपांच्या कडेला बिनतारी यंत्रणा बंद करणारा एक बारीक सरकता स्विच असे. पिशवीतून काढता-घालता तो सरकून गेलेला असतो आणि पडद्यावरून कितीही हुकूम सोडले तरी कार्ड जागे होत नाही, कारण तो अटकाव विद्युत्‌मार्गातच झालेला असतो. अँटेना पडद्याच्या चौकटीत बसविलेल्या असतात आणि त्यांच्या केसासारख्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. झाकण वर्षानुवर्षे उघडझाप करून त्यांतील एखादी तार आतून तुटते, आणि मग झाकण एका विशिष्ट कोनात असता नेटवर्क दिसते व दुसऱ्या कोनात दिसत नाही. कार्य प्रणाली नवी चढविली असेल तर कार्डाला चालविणारा ड्रायव्हर किंवा कार्डात भरावयाचे फर्मवेअर हजर नसण्याचा संभव असतो. अशा वेळी इंद्रिय शाबूत असून त्याला मनाचा संयोग नाही, असे जे न्यायशास्त्रात वर्णन येते तशी स्थिती होते. या प्रत्येक ठिकाणी नेटवर्काविषयी एक अक्षरही न बोलता केवळ पाहणाऱ्याविषयी खातरजमा करून घेतलेली आहे.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, ज्याची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती 1897 साली मुंबईत निघाली आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना उपयोगी पडली, सात पदार्थांपैकी शेवटचा अभाव असून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, त्रिकाली नसण्याचा अत्यंताभाव, आणि हे ते नव्हे असा अन्योन्याभाव. परीक्षेपुरते पाठ करून विसरावयाची ही यादी म्हणून पुष्कळांनी तिच्याकडे पाहिले असेल. पण कारागीर गिऱ्हाइकास जो पहिला प्रश्न विचारतो, ‘हे आधी चालत होतं का?’, तो प्रध्वंसाभाव आणि अत्यंताभाव यांतील निवड करण्यासाठीच असतो. आधी चालत होते आणि आता चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले ते शोधावयाचे. कधीच चाललेले नसेल, तर त्या कार्डात ते सामर्थ्यच नसेल. जुन्या कार्डाला 2018 साली आलेली डब्ल्यूपीए-3 ही सुरक्षापद्धती बहुधा समजतच नाही, नाव दिसते, संकेतशब्द अचूक असतो, तरी दार उघडत नाही, आणि संकेतशब्द शंभर वेळा टंकित केला तरी उघडणार नाही. यंत्र नुकतेच सुरू झाले असेल तर अभाव प्रागभाव असण्याचा संभव मोठा, आणि त्यावर थोडे थांबणे हाच उपाय. अन्योन्याभावाचा घोटाळा सर्वांत फसवा: राउटर ज्या नावानिशी कारखान्यातून बाहेर पडला तेच नाव इमारतीतल्या दोन बिऱ्हाडांनी कायम ठेवलेले असते, लॅपटॉपला यादीत ते नाव दिसते, तो त्याच्याशी झटतो, आणि ते आपले नेटवर्कच नव्हे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

येथवरचा विचार कारागिराच्या उपयोगाचा आहे. यापुढचा मात्र तत्त्वजिज्ञासूच्या विशेष उपयोगाचा आहे, आणि मला जे सांगावयाचे आहे ते त्यातच आहे. योग्यता हा शब्द उच्चारणे सोपे. परंतु तिचा निर्णय कसा करावयाचा? लॅपटॉपला नेटवर्क दिसत नाही, म्हणून लॅपटॉप अयोग्य. आणि तो अयोग्य का, तर त्याला नेटवर्क दिसत नाही, असे कोणी म्हणू लागला तर तो चक्रात सापडला. अशा बोलण्याला कधीच हार नाही आणि म्हणूनच त्याला किंमतही नाही. योग्यता ही ज्या वस्तूविषयी वाद आहे तिच्या दिसण्या-न-दिसण्यावर विसंबून ठरविता कामा नये. ती दुसऱ्या, वादाबाहेरच्या साधनाने ठरली पाहिजे. कार्डावर छापलेला नमुन्याचा क्रमांक वाचून ते कोणत्या पट्ट्यात ऐकते हे उत्पादकाच्या दस्तऐवजावरून कळते, आणि हा दाखला घरच्या राउटरविषयी काहीही गृहीत धरीत नाही. शेजाऱ्यांची 2.4 गिगाहर्ट्झवरची नावे दिसतात यावरून त्या पट्ट्यापुरती कार्डाची योग्यता शाबीत होते. 5 गिगाहर्ट्झविषयी मात्र त्यावरून अणुमात्र निष्पन्न होत नाही, कारण योग्यता ही सरसकट गोष्ट नसून त्या त्या विषयापुरती असते. फोनवरचा हॉटस्पॉट काही काळ त्याच जुन्या पट्ट्यात ठेवून लॅपटॉपला तो दिसतो का हे पाहिले, किंवा बाहेरून जोडावयाचे दुपट्टी कार्ड लावून घरचे नाव उमटते का हे पाहिले, आणि हे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हाती येतात. अशा रीतीने फलनिरपेक्ष योग्यता ठरल्यावर जे न दिसणे उरते, त्याला साक्षीचा दर्जा येतो.

दिसल्याचे जे ज्ञान होते, त्याच्या प्रामाण्याचा प्रश्नही याच प्रकरणात उपस्थित होतो. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, बाधक कारण पुढे आले तरच ते ढळते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून ठरते, आणि वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्याचा आरंभच या प्रवृत्तिसाफल्याच्या विचाराने केला आहे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याची खूण उमटते, सिग्नलच्या रेघा भरून येतात, आणि तरीही एक पान उघडत नाही. कित्येकदा कारण असे निघते की लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, त्याने मागणी केली, वाट पाहिली, आणि उत्तर न आल्याने 169.254 ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच धारण केला. हा स्वयंघोषित पत्ता म्हणजे अनुत्तरित अर्जाचाच दाखला होय. दुसरे कारण याहून विलक्षण आहे. मदरबोर्डावरची सीआर 2032 जातीची बटनसेल वर्षांमागून वर्षे झिजून मृत होते, यंत्र बंद होताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असल्यामुळे, त्या भूतकाळात वावरणाऱ्या यंत्राला ती सर्वच्या सर्व अवैध दिसू लागतात. लहरी येत आहेत, पत्ता मिळाला आहे, मार्ग मोकळा आहे, आणि तरीही यंत्र जगावर अविश्वास दाखविते, कारण त्याला स्वतःचा काळ ठाऊक नाही. अशा ठिकाणी मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. खूण उमटली एवढ्यावर ज्ञानाला प्रमाण मानण्याऐवजी ती खूण आपल्याला कोठवर नेते हे पाहणे मला अधिक सुरक्षित वाटते, आणि साक्षात्काराच्या वार्तांनाही हीच कसोटी लावावी असे माझे स्पष्ट मत आहे.

न दिसणाऱ्या लहरींचा इतिहासच या तत्त्वाची ग्वाही देणारा आहे. विद्युच्चुंबकीय लहरी 1887-88 मध्ये हाइनरिख हर्ट्झ याने कार्लस्रूहच्या प्रयोगशाळेत सिद्ध केल्या, त्या त्याच्या तारेच्या कड्यातील सूक्ष्म फटीत उडणाऱ्या, काळोखातच दिसण्याजोग्या ठिणगीच्या आधारे. पण त्याच्या आधी आकाशात वीज चमकत होतीच, आणि प्रत्येक विजेबरोबर या लहरी मनुष्यमात्राच्या देहांतून आरपार जात होत्या. इतक्या काळाची, इतक्या माणसांची ती अनुपलब्धी लहरींच्या अस्तित्वाला तिळमात्र बाध आणू शकली नाही, कारण कोणापाशीही त्या कामाचे इंद्रिय नव्हते. उलट पक्षी, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यासारख्या यंत्राने काम करणारे खगोलशास्त्रज्ञ एखाद्या दिशेला काहीच आढळले नाही तर कसा अहवाल देतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘काही नाही’ असे ते लिहीत नाहीत. अमुक तीव्रतेचा संकेत असता तर आमच्या यंत्राला तो आढळला असता, आढळला नाही, सबब तो असल्यास त्याहून क्षीण असला पाहिजे, अशी वरची मर्यादा ते नोंदवितात. आपल्या यंत्राची योग्यता आधी मोजून, मग तिच्या हद्दीपर्यंतच अभावाचे विधान करणारी ही नोंद वाचून कुमारिलाला परम संतोष झाला असता.

आता ईश्वराच्या प्रश्नाकडे येऊ. उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली हा ईश्वरसिद्धीचा न्यायदर्शनातील सर्वांत समर्थ ग्रंथ, आणि त्याचा तिसरा स्तबक याच मुद्द्यावर उभा आहे. प्रतिपक्षी म्हणतो, ईश्वर दिसत नाही, सबब नाही. उदयनाचे उत्तर असे, की अभाव सिद्ध करते ती योग्य वस्तूची अनुपलब्धी. ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा आहे असे कोणी म्हटलेच नव्हते, मग त्याच्या न दिसण्याने काय बिघडले? चार्वाकावर त्याने जो प्रहार केला आहे तो तर्काइतकाच मानवी स्वभावाच्या ज्ञानामुळेही संस्मरणीय आहे: न दिसणे म्हणजेच नसणे असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दिसत नाहीत, तेव्हा त्याने ती नष्ट झाली असे समजून ऊर बडवीत आक्रोश करावयास हवा. परंतु उदयनाचा खरा मोठेपणा पुढच्या शंकेत आहे, आणि ती शंका त्याने टाळली नाही. दिसण्याजोगे नाही एवढे म्हटल्याने जर वस्तू बाधापासून सुटत असेल, तर सशाचे शिंगही दिसण्याजोगे नाही असे म्हणून कोणीही त्याला अभय देईल. उदयन म्हणतो, तसे नाही. शिंग ही जातच दिसण्याजोगी आहे, म्हणून सशाच्या डोक्यावर ते दिसत नाही याला साक्षीचे मोल आहे. अदृश्यतेचा परवाना मागेल त्याला द्यावयाचा नसतो. तो मागणाऱ्या वस्तूच्या स्वभावावरून, वादापूर्वीच ठरलेल्या स्वभावावरून, द्यावयाचा असतो. आपल्या गावागावांतून चमत्कारांची दुकाने मांडणारे जे लोक, विभूती दिसेल असे आधी सांगतात आणि दिसली नाही की भक्ताच्या श्रद्धेला कमी ठरवितात, त्यांच्यावर उदयनाचे हे शिंग पुरते रोखलेले आहे. जे दिसेल असे कबूल केले, ते न दिसले की खटला संपला.

धार्मिकांचा दुसरा, अधिक आदरणीय पक्ष असा, की ईश्वर किंवा ब्रह्म हे अगदीच अयोग्य नाही. चित्त शुद्ध झालेल्या अधिकाऱ्यास ते अनुभवास येते, अनधिकाऱ्यास येत नाही. हे म्हणणे ऐकताच आधुनिक मनुष्य हसतो, कारण ही पळवाट आहे असे त्याला वाटते. त्याचे हसणे मला अर्धेच रास्त वाटते. कार्डाची योग्यता वाढविता येते, पण ती वाढल्याचा पुरावा वादग्रस्त नेटवर्काखेरीज अन्यत्र मिळाला पाहिजे, हीच अट येथेही लागू करावयाची. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की आपल्या परंपरेतील श्रेष्ठांनी ती अट स्वतः होऊन घालून घेतली होती. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रातील पहिल्या शब्दावर भाष्य करताना शंकराचार्यांनी ब्रह्मजिज्ञासेच्या आधी चार साधने सांगितली: नित्य आणि अनित्य यांचा विवेक, इहपरलोकीच्या भोगांविषयी विरक्ती, शमदमादिकांची संपत्ती, आणि मुमुक्षा. यांपैकी एकही ब्रह्मदर्शनावर अवलंबून नाही. मनुष्याचे मन शांत आहे की नाही, त्याला भोगांचा मोह आहे की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यांना आणि नोकरांनाही कळू शकते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची म्हणून जी लक्षणे मोजली आहेत, मानाची इच्छा नसणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा, ती बहुतांशी माणसाच्या वागणुकीतली आहेत; आणि ज्ञानेश्वरांनी त्या लक्षणांवर इतका प्रदीर्घ विस्तार केला आहे, की वाचकास कधी वाटावे हे अध्यात्म आहे की चारित्र्याची तपासणी. मला वाटते, योग्यतेची ही फलनिरपेक्ष तपासणीच त्यांना अभिप्रेत होती. ज्याला मानाची हाव आहे, क्रोध आवरत नाही, सेवकाशी ज्याचे वागणे कठोर आहे, त्याने मला दर्शन झाले म्हटले तरी त्याची साक्ष अग्राह्य, आणि मला काही दिसले नाही म्हटले तरी त्याचीही साक्ष तितकीच अग्राह्य. हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच कापतो. विद्वत्ता, बुद्धीची तीव्रता, प्रयोगशाळेतले नैपुण्य यांनी योग्यता सिद्ध होते ती त्या त्या पट्ट्यापुरती. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञाचे ‘मला ईश्वर आढळला नाही’ हे विधान आणि कोट्यवधी अनुयायी असलेल्या बाबाचे ‘मला आढळला’ हे विधान, या दोहोंचे या प्रकरणी वजन सारखेच आहे.

तथापि या विचारसरणीला एक मोठी उणीव राहून जाते, आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांची योग्यता या लक्षणांनी निर्विवाद ठरते, ज्यांनी मान, दंभ, लोभ खरोखरच टाकले, आणि तरीही ज्यांना काही आढळले नाही, अशांच्या जबान्या कोठे आहेत? खगोलशास्त्रज्ञ रिकाम्या रात्रींचीही नोंद ठेवतो. धर्मसंप्रदायांची दप्तरे बहुशः सफल झालेल्यांचीच आहेत. या दृष्टीने मला तुकोबांच्या गाथेचे महत्त्व अपार वाटते. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 आणि 1873 साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे 1950 मध्ये मुंबई सरकारने पुन्हा छापलेल्या त्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि त्यांत भेट झाल्याच्या आनंदाचे अभंग जसे आहेत तसे भेट न झाल्याच्या तक्रारीचे, देवावर फिर्याद आणणारे, तू आहेस की नाहीस असे त्याला तोंडावर विचारणारे अभंगही पुष्कळ आहेत. लोभ, मान, दंभ यांच्या तपासणीत ज्याला महाराष्ट्राने निर्दोष ठरविले, त्या माणसाच्या हातची ही न दिसण्याची साक्ष आहे, आणि संप्रदायाने ती पुसून न टाकता अन्य अभंगांच्या बरोबरीने जतन केली, पाठ केली, कीर्तनात उभी केली.

सामान्यतः असे मानले जाते, की तक्रारीचे अभंग साधनाकाळातले आणि तृप्तीचे अभंग सिद्धावस्थेतले. म्हणजे अभाव हा प्रागभाव होता आणि कालांतराने तो निवृत्त झाला. हे मत खरे असेलही. परंतु गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांचा क्रम निरनिराळा आहे, आणि कोणता अभंग आधीचा व कोणता नंतरचा हे सांगणाऱ्या तारखा त्यांच्यावर नाहीत. चरित्राची जी रूपरेषा आपण आधीच मनाशी धरलेली असते तिच्यावरूनच आपण त्यांची वाटणी करतो. योग्यता ठरविताना जे चक्र टाळावयाचे असे आपण म्हटले, ते काळ ठरविताना येथे शिरलेले आहे. ते बाजूस सारून, कालक्रमाविषयी काहीही गृहीत न धरता, तक्रारीचे अभंग आणि तृप्तीचे अभंग एकाच योग्य साक्षीदाराच्या दोन जबान्या म्हणून शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. आणि त्यासाठी भक्ती आणि तर्कसंग्रह ही दोन्ही ज्याच्यात सारखीच मुरली आहेत असा वाचक लागेल.